रकान्यातून शिरलेला हुकूम

नगर-मनमाड रस्त्याने राहुरी मागे टाकून उत्तरेकडे येऊ लागले, की प्रवरेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडचे कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात, आणि पलीकडचे, भगवतीदेवीच्या स्थानामुळे दूरवर ज्ञात असलेले कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात. बाहेरून येणारी एखादी वाहिनी मुलुखाचे आयुष्य कसे पालटते, हे या प्रवराकाठाला निराळे सांगावे लागत नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांनी पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, आणि उसामागून, शेजारीच लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आता त्याच मुलुखात खांबाखांबांवरून काचतंतूची एक बारीक तार घरोघर पोहोचली आहे. ती भिंतीवरच्या एका पांढऱ्या डब्यात येऊन संपते, आणि तेथून पुढे वायफायच्या रूपाने मुलीचा प्रवेशअर्ज, दूधसंकलनाचा हिशेब, किराणा दुकानातली ऑनलाइन वसुली, बाजारभावाची चौकशी आणि गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्र, असा सारा व्यवहार अदृश्यपणे वाहू लागतो.

या डब्याकडे घरातले कोणी निरखून पाहत नाही. दिवे हिरवे असले म्हणजे सर्व ठीक. ‘एलओएस’ या अक्षरांखालचा दिवा लाल झाला म्हणजे केबलवाल्याला फोन लावायचा, आणि तो सांगेल त्याप्रमाणे डबा एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढाच काय तो त्याच्याशी संबंध. परंतु घरातून बाहेर जाणारे आणि बाहेरून घरात येणारे प्रत्येक अक्षर ज्याच्या हातून जाते, तो हा राउटर स्वतः कोणाचे हुकूम मानतो, हा प्रश्न घरातील दागिन्यांच्या कुलपाइतकाच महत्त्वाचा आहे. या प्रश्नाशी निगडित असलेला, जुना, समजण्यास सोपा आणि तरीही वर्षानुवर्षे नव्या नव्या यंत्रांत उगवत राहिलेला एक दोष या प्रकरणाचा विषय आहे. संगणकशास्त्रात त्यास कमांड इंजेक्शन असे म्हणतात.

दोष कळण्यासाठी प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे, की राउटर हा वस्तुतः पूर्ण संगणक आहे. त्यास पडदा नाही, कळफलक नाही. पण प्रोसेसर आहे, स्मृती आहे, आणि त्यावर बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली चालत असते. ही गोष्ट एकेकाळी ग्राहकांना ठाऊकही नव्हती. २००२ च्या डिसेंबरात लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. त्यात १६ मेगाबाइट स्मृती आणि ४ मेगाबाइट साठवण होती. २००३ च्या जूनमध्ये अँड्र्यू मिकलस या अभ्यासकाने दाखवून दिले, की यात लिनक्स वापरलेली असूनही परवान्याच्या अटीप्रमाणे तिचे मूळ लिखाण कंपनीने खुले केलेले नाही. मग ते खुले झाले, आणि त्यातूनच पुढे २००४ पासून ओपनडब्ल्यूआरटी हा मोठा लोकप्रकल्प वाढला.

त्याच राउटरवर आपल्या विषयाचा एक नामांकित नमुना सापडतो. घरातल्या मोबाइलवर ब्राउझर उघडून १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला, की पुष्कळ राउटर आपले अंतर्गत दप्तर उघडतात. नाव आणि पासवर्ड दिला, की वायफायचे नाव बदलणे, पासवर्ड बदलणे वगैरे पाने दिसतात. आणि त्यांतच एका कोपऱ्यात ‘डायग्नोस्टिक्स’ म्हणून एक पान असते. त्यावर एक रकाना आणि एक बटण. रकान्यात दूरच्या एखाद्या संगणकाचा पत्ता लिहायचा आणि बटण दाबायचे. राउटर त्या पत्त्यावर चार हाका पाठवतो आणि प्रत्युत्तर किती सहस्रांश सेकंदांत आले ते सांगतो. याला पिंग म्हणतात. नेट संथ चालत असले म्हणजे केबलवाल्याचा पोरगा पहिल्याने हेच पाहतो.

आता हे बटण दाबल्यावर आत काय घडते ते पाहू. राउटरमध्ये पिंग करणारी आज्ञावली आधीपासूनच असते. म्हणून पान लिहिणारा कारागीर पुन्हा ती लिहीत बसत नाही. तो एक ओळ तयार करतो: आरंभी ‘पिंग’ हा शब्द, मग चार हाकांची खूण, आणि त्यापुढे ग्राहकाने रकान्यात लिहिलेली अक्षरे, जशीच्या तशी, जोडून. ही जोडलेली ओळ तो ‘शेल’ नावाच्या अंमलदाराच्या हाती देतो, आणि शेल ती वाचून अमलात आणतो. रकान्यात ८.८.८.८ लिहिले असेल, तर ओळ होते ‘पिंग ८.८.८.८’, आणि सर्व सुरळीत पार पडते. परंतु शेलला स्वतःचे व्याकरण आहे. त्या व्याकरणात अर्धविराम आला म्हणजे एक आज्ञा संपली आणि दुसरी सुरू झाली. उभी रेघ आली म्हणजे पहिल्या आज्ञेचे फळ दुसरीच्या पदरात घालायचे. आणखीही दोन-चार चिन्हांना असेच अधिकार आहेत. तेव्हा रकान्यात कोणी ‘८.८.८.८; रीबूट’ असे लिहिले, तर शेल प्रथम इमानाने पिंग करतो आणि तितक्याच इमानाने राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो. ‘रीबूट’च्या जागी ‘अमुक ठिकाणाहून तमुक आज्ञावली उतरवून घे आणि चालव’ असे लिहिले, तर तेही होते.

प्रवरेच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यास ही गोष्ट पटकन उमगेल. कालव्याचे पाणी हवे असले म्हणजे नमुना नंबर ७ वर मागणी अर्ज द्यावा लागतो. त्यात नाव, गट नंबर, पीक आणि क्षेत्र यांचे रकाने असतात. अशी कल्पना करा, की एखाद्या शाखा कार्यालयात साहेबाने हुकमाचा मजकूर आगाऊ लिहून ठेवला आहे, ‘पुढील गटास पाणी सोडावे’, आणि अर्जदाराने गट नंबराच्या रकान्यात जे लिहिले असेल ते कारकून त्याखाली हुबेहूब उतरवून, साहेबाचा शिक्का मारून, पाटकऱ्याच्या हाती देतो. एका लबाड अर्जदाराने त्या रकान्यात आपला गट नंबर लिहून पुढे पूर्णविराम दिला आणि लिहिले, ‘तसेच खालच्या चारीची सर्व दारे बंद करावीत’. पाटकरी बिचारा शिक्का पाहतो; हुकमातले कोणते शब्द साहेबाचे आणि कोणते अर्जदाराचे, हे त्या कागदावरून त्यास कळण्याचा मार्गच नाही. तो खालची दारे बंद करतो, आणि पिके वाळतात. दोष पाटकऱ्याचा नाही, अर्जाचाही नाही. अर्जदाराच्या शब्दांना हुकमाच्या ओळीत, हुकमाच्याच शाईने जागा देणाऱ्या त्या पद्धतीचा आहे.

शेलचीही हीच कैफियत आहे. स्टीफन बोर्न यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिलेला शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. लहान लहान आज्ञा एकमेकींना जोडून मोठी कामे करून घेण्याची जी सोय त्या परंपरेच्या शेलांत होती, ती संगणकविद्येतील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक मानावी लागेल. पण ती सोय आपल्या संगणकावर स्वतः बसून आज्ञा देणाऱ्या विश्वासू माणसासाठी होती. पुढे जगभरच्या अनोळखी लोकांसाठी उघडलेल्या पानामागे तोच शेल उभा करण्यात आला, आणि त्याचा गुण हाच त्याचा अवगुण ठरला.

लिंक्सिसच्या त्या निळ्या राउटरच्या पिंगच्या रकान्यात हाच दोष होता, आणि त्याचा पहिला नामांकित उपयोग चांगल्या हेतूने झाला, ही आनंदाने नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. नवी कार्यप्रणाली चढवताना राउटर निकामी होऊ नये, म्हणून सुरू होण्याआधी त्याने काही क्षण थांबावे, अशी एक सोय आत दडलेली होती. हौशी अभ्यासकांनी पिंगच्या रकान्यातून आज्ञा घुसवून ती जागी केली. यंत्र त्यांच्या मालकीचे, धोका त्यांचा, आणि ज्ञान सर्वांसाठी खुले. दोष शोधणारा प्रत्येक जण चोर असतो, असा समज आपल्याकडे अजून दृढ आहे. तो या एका उदाहरणाने तरी ढिला व्हावा.

यावर कोणी म्हणेल, की ते दप्तराचे पान तर घराच्या आतूनच उघडते आणि त्यास पासवर्डही असतो. मग परका मनुष्य तेथवर पोहोचेल कसा? तो अनेक वाटांनी पोहोचतो. पुष्कळ राउटरांमध्ये दुरून कारभार करण्याची सोय चालू ठेवलेली असते, तेव्हा ते पान साऱ्या जगास दिसते. पुष्कळ घरांत कारखान्यातून आलेला ‘अॅडमिन’ हाच पासवर्ड कायम असतो. घरातल्याच कोणाच्या मोबाइलवर उघडलेले एखादे बनावट संकेतस्थळ त्या मोबाइलच्या ब्राउझरकरवी राउटरला गुपचूप निरोप धाडू शकते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, काही पानांपुढे पासवर्डचा पहाराच नसतो. २०१४ च्या फेब्रुवारीत ‘द मून’ नावाचा जो कृमी, म्हणजे यंत्रातून यंत्रात आपोआप पसरणारी आज्ञावली, लिंक्सिसच्या ई-मालिकेतील राउटरांवर पसरला, तो अशाच बिनपहाऱ्याच्या पानातील एका रकान्यातून शिरला होता. २०१६ च्या डिसेंबरात नेटगिअरच्या आर-७००० आदी राउटरांत निघालेला दोष तर इतका उघडा होता, की पानाच्या पत्त्यातच अर्धविराम देऊन पुढे आज्ञा लिहिली तरी ती अमलात येई. अमेरिकेतील सर्ट समन्वय केंद्राने त्या वेळी, दुरुस्ती येईपर्यंत हे राउटर वापरणेच थांबवावे, असा असामान्य सल्ला दिला.

परंतु या दोषाने किती मोठा अनर्थ होतो, हे जगाला कळले ते त्याच्या थोडे आधी, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, जर्मनीत. त्याची सुरुवात मात्र आयर्लंडमध्ये झाली. तेथील एअर कंपनी आपल्या ग्राहकांना झायझेल बनावटीचे डी-१००० नावाचे मोडेम देत असे. केबलवाल्याने घरी न येता दुरूनच मोडेमची व्यवस्था लावावी म्हणून अशा यंत्रांत ७५४७ क्रमांकाचे एक द्वार उघडे असते. या मोडेममध्ये त्या द्वारातून, वास्तविक घराच्या आतल्या यंत्रांपुरत्याच राखलेल्या काही आज्ञाही स्वीकारल्या जात. त्यांपैकी एक आज्ञा घड्याळ लावण्याची होती: मोडेमने अचूक वेळ कोणत्या संगणकाकडून विचारून घ्यावी, त्याचे नाव सांगण्याचा रकाना. नोव्हेंबरच्या आरंभी एका अभ्यासकाने दाखवून दिले, की त्या नावाच्या जागी लिहिलेली आज्ञा शेल चालवतो. वेळ विचारण्याच्या इतक्या निरुपद्रवी रकान्यातून घर ताब्यात जावे, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. धोक्याचे रकाने धोक्याचे दिसत नाहीत.

तीन आठवडे गेले. मिराई या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या कृमीचे मूळ लिखाण त्याच्या कर्त्यांनीच सप्टेंबरअखेर जगजाहीर केलेले होते. कोणीतरी त्यात ही नवी युक्ती घातली आणि जगभरच्या ७५४७ क्रमांकाच्या द्वारांवर थापा मारण्यास सुरुवात केली. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीतील डॉइच टेलिकॉम कंपनीच्या सुमारे ९,००,००० ग्राहकांचे नेट आणि फोन बंद पडले. चमत्कार असा, की त्या घरांतील राउटर या कृमीच्या ताब्यात गेलेच नव्हते. त्यांत लिनक्स नसल्यामुळे घुसवलेली आज्ञा त्यांना लागू पडत नव्हती. केवळ त्या अविरत थापांनीच ते थकून निश्चेष्ट झाले. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या लुटन विमानतळावर डॅनियल के या ब्रिटिश तरुणास अटक झाली, आणि कोलोन येथील न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. त्याला जर्मनीशी काही कर्तव्य नव्हते. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात एका फोन कंपनीच्या माणसाने प्रतिस्पर्धी लोनस्टार कंपनीचे नेट पाडण्यासाठी त्यास पैसे देऊन नेमले होते, आणि त्यासाठी लागणारी गुलाम यंत्रांची फौज तो जमवत होता. लायबेरियातील दोन व्यापाऱ्यांच्या वैरापायी जर्मनीतील लक्षावधी घरांतले फोन मुके झाले.

आपल्या गावातील डब्याशी अधिक निकटचा प्रसंग मात्र २०१८ च्या मे महिन्याचा आहे. काचतंतूच्या एका तारेतून अनेक घरांना सेवा वाटून देण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिला जीपॉन म्हणतात. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने चाललेल्या ग्रामपंचायतींना जोडण्याच्या केंद्र शासनाच्या योजनेत हीच पद्धत योजलेली आहे. या पद्धतीसाठी दासान या कोरियन कंपनीने बनवलेल्या घरगुती राउटरांत एकाच वेळी दोन दोष प्रसिद्ध झाले. पत्त्याच्या शेवटी चित्रांच्या कप्प्याचे नाव जोडले, की पासवर्ड न विचारताच कोणतेही पान उघडे; आणि उघडलेल्या पानांत तेच आपले परिचित पान होते, पिंगचे, आणि त्यातला तोच रकाना. लिंक्सिसच्या निळ्या डब्यानंतर पंधरा वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या कारागिरांनी, दुसऱ्याच जातीच्या यंत्रात, तीच ओळ तशीच जोडून शेलच्या हाती दिली होती. त्या वेळी असे दहा लाखांवर राउटर जगास उघडे दिसत होते, बहुसंख्य मेक्सिको, कझाकस्तान आणि व्हिएतनाम या देशांत. आणि दहा दिवसांच्या आत पाच निरनिराळ्या कृमीफौजा त्यांच्यावर तुटून पडल्याची नोंद चीनमधील नेटलॅब या अभ्यासगटाने केली.

त्यानंतरचे एक उदाहरण सांगून पुढे जातो. टीपी-लिंक कंपनीच्या आर्चर एएक्स-२१ या राउटरमध्ये आपला देश निवडण्याचा एक रकाना आहे, कारण वायफायच्या लहरींचे नियम देशोदेशी भिन्न असतात. २०२२ च्या डिसेंबरात टोरांटो येथे भरलेल्या दोषशोधनाच्या स्पर्धेत त्या देशाच्या रकान्यातून आज्ञा घुसवून दाखवण्यात आली. पासवर्डाची गरज नव्हती. कंपनीने मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती दिली. एप्रिलमध्ये मिराईच्या वंशजांनी तो दोष वापरण्यास सुरुवात केली. दुरुस्ती उपलब्ध होणे आणि ती भिंतीवरच्या डब्यात जाऊन पोहोचणे यांत किती अंतर असते, ते या एका महिन्याने दाखवले.

आपल्या देशात राउटरांवरील मोठा आघात झाला तो २०१७ च्या जुलैअखेर. भारत संचार निगम आणि मुंबई-दिल्लीत सेवा देणाऱ्या महानगर टेलिफोन निगमाच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी निकामी झाले. तेथे प्रमुख कारण कमांड इंजेक्शन नव्हते. कारखान्यातला पासवर्ड न बदललेले आणि दुरून कारभाराची द्वारे उघडी असलेले मोडेम ब्रिकरबॉट नावाच्या आज्ञावलीने हुडकून काढले आणि त्यांची साठवण पुसून टाकली. ती लिहिणाऱ्या अनामिकाचा दावा असा, की असुरक्षित यंत्रे चोरांच्या हाती पडण्यापूर्वी नष्ट करणे हीच जगाची सेवा. हा युक्तिवाद मला सर्वथा अमान्य आहे. ज्या मनुष्याने कोणाचा काही अपराध केला नाही, ज्यास आपल्या मोडेमला द्वारे असतात हेही कोणी सांगितलेले नाही, त्याचे साधन मोडून त्याला धडा शिकवण्याचा अखत्यार कोणाही स्वयंघोषित न्यायाधीशास पोहोचत नाही. तो धडा द्यायचाच, तर बनवणाऱ्यास आणि पुरवणाऱ्यास द्यावयास हवा.

कारण हा दोष पुन्हा पुन्हा का उगवतो याचा माग काढू लागलो, की तो घरमालकापाशी कधीच जात नाही. राउटरवर ज्या कंपनीचे नाव छापलेले असते, तिने आतील सर्व लिखाण केलेले असते असे नाही. चिप बनवणारी कंपनी चिपेबरोबर नमुन्याचे लिखाण देते. त्यावर नाव आणि रंग चढवून बाजारात मांडण्याचे काम अनेकदा शेवटच्या कंपनीकडे उरते. रिअलटेकच्या अशाच लिखाणात २०२१ साली एक आज्ञा-घुसखोरीचा दोष सापडला, तेव्हा तो किमान ६५ उत्पादकांच्या यंत्रांत पसरलेला असल्याचे दिसून आले. कारखान्यात यंत्राची परीक्षा घेण्यासाठी ठेवलेले एक साधन चुकून विकल्या जाणाऱ्या डब्यातही राहिले होते. २०२२ संपण्यापूर्वी या एकाच दोषावर १३ कोटींहून अधिक हल्ल्यांचे प्रयत्न नोंदले गेले. त्यात भर अशी, की स्मृती आणि पैसा वाचवण्यासाठी घरगुती राउटरात बहुधा सर्व आज्ञावली सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालतात. पिंगच्या पानाला पिंगपुरताच अधिकार द्यावा, ही तजवीजच नसते. त्यामुळे एक रकाना फुटला की सगळे यंत्र फुटते.

आणि ते फुटल्याचे घरातल्यांना कळत नाही. नेट चालू असते, दिवे हिरवे असतात. आत शिरलेला मनुष्य पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेत फेरफार करून बँकेच्या नावाखाली भलतेच पान दाखवू शकतो. डब्यास फौजेत भरती करून कोणा दूरच्या संस्थेवर चाल करवू शकतो. आणि अलीकडे सर्वांत फायद्याचा ठरलेला धंदा म्हणजे, तुमच्या घराचा इंटरनेट पत्ता भाड्याने देऊ शकतो. २०१४ च्या त्या ‘द मून’ कृमीचा वंश २०२४ साली पुन्हा आढळला, तेव्हा त्याच्या ताब्यात ८८ देशांतील ४०,००० यंत्रे होती, आणि ती ‘फेसलेस’ नावाच्या सेवेमार्फत गुन्हेगारांना मुखवटे म्हणून वापरावयास दिली जात होती. अशा मुखवट्याआडून कोणी परगावच्या वृद्धाची ठेव लुटली, तर तपासाचा पहिला धागा पोलिसांना आणून सोडतो तो त्या पत्त्याच्या नोंदणीवर, म्हणजे कोल्हारातील एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या दारात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली अशा घुसखोरीस ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पण घुसखोर सापडेपर्यंत जबाब देत बसावे लागते ते निरपराध घरमालकास. या अन्यायाची चीड आल्यावाचून राहत नाही.

वस्तुतः उपाय कारागिराच्या हातात आहे, आणि तो अवघड मुळीच नाही. पिंगची ओळ जोडून शेलच्या हाती देण्याऐवजी आज्ञा आणि पत्ता यांना स्वतंत्र ठेवून थेट कार्यप्रणालीच्या स्वाधीन करण्याची सोय सी भाषेत आणि लिनक्समध्ये पहिल्यापासून आहे; तसे केले म्हणजे अर्धविराम हा निव्वळ अर्धविराम राहतो, त्यास हुकमाचा दर्जा मिळत नाही. त्याच्या जोडीला, पत्त्याच्या रकान्यात अंक आणि टिंबे यांखेरीज काही आले तर ते परत करावे. आणि पिंगच्या पानास सर्वाधिकाऱ्याची मुखत्यारी देऊ नये. नकोशी चिन्हे तेवढी हुडकून गाळण्याचा मार्ग पुष्कळांनी पत्करला आणि पुष्कळदा तो फसला, कारण एखादे चिन्ह विसरले जातेच. काय चालेल ते ठरवणे हे काय चालणार नाही याची यादी करण्यापेक्षा केव्हाही भक्कम. शासनांनीही हालचाल केलेली आहे: वायफाय उपकरणांच्या सुरक्षेच्या चाचणीचे निकष आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने ठरवले आहेत, आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच कारखानी पासवर्ड देऊन यंत्र विकण्यास कायद्याने बंदी आली आहे. दुरुस्त्या किती वर्षे मिळत राहतील, हे विक्रीच्या वेळीच सांगण्याचे बंधनही त्या कायद्यात आहे, आणि माझ्या मते तीच त्यातील सर्वांत मोलाची तरतूद आहे.

ती मोलाची का, हे डी-लिंकच्या एका उदाहरणावरून कळते. या कंपनीच्या भारतीय शाखेचे नोंदणीकृत कार्यालय आपल्या शेजारी, गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे, आणि तिचे राउटर महाराष्ट्रातील अनेक घरांनी पाहिलेले आहेत. तिच्या डीआयआर-६४५ आदी राउटरांतील आज्ञा-घुसखोरीचा एक दोष २०१५ साली प्रसिद्ध झाला; तोच दोष २०२४ अखेर फिकोरा नावाची कृमीफौज वापरत होती. नऊ वर्षे. उत्पादकाच्या दप्तरी यंत्राचे आयुष्य संपलेले असते, दुरुस्त्या थांबलेल्या असतात, पण भिंतीवरचा डबा काम देतच असतो, आणि चालती वस्तू टाकून देण्याची आपली रीत नाही.

गावातील मनुष्याने यात काय करावे, तेही सांगणे अवश्य आहे. डबा बंद करून चालू केल्याने मिराईच्या जातीचे कृमी बहुधा पुसले जातात, कारण ते तात्पुरत्या स्मृतीत राहतात. मात्र ज्या भोकातून ते आले ते बुजले नसेल, तर अल्पावकाशात पुन्हा येतात. म्हणून प्रथम दप्तराच्या पानाचा पासवर्ड बदलावा. तो वायफायच्या पासवर्डहून निराळा असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. मग ‘रिमोट मॅनेजमेंट’ असे लिहिलेली सोय बंद आहे ना, याची खातरजमा करावी. त्यानंतर ‘फर्मवेअर’, म्हणजे राउटरच्या आतील आज्ञावली, या सदरात आवृत्तीची तारीख पाहावी. ती चार-पाच वर्षांपूर्वीची असेल आणि कंपनीकडून नवी आवृत्ती मिळत नसेल, तर केबलवाल्याकडे डबा बदलून मागावा. डबा त्याच्या मालकीचा असेल तर ही मागणी करण्याचा ग्राहकास पूर्ण हक्क आहे, आणि एका गावातील वीस-पंचवीस ग्राहकांनी मिळून लेखी अर्ज दिला तर ती डावलणे त्यास जड जाते. सहकाराची सवय असलेल्या या मुलुखास असा सामुदायिक अर्ज लिहिणे अवघड नाही. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ च्या फेब्रुवारीत सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले आहे. त्याच्या संकेतस्थळावर संगणक व मोबाइल साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात, आणि बाधित ग्राहकांची वर्दी सेवा पुरवणाऱ्या कंपनीमार्फत त्यांना देण्याची व्यवस्था तेथून चालते. पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन करावा तितके बरे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ती अडवता येण्याचा अवधी थोडा असतो. आणि पोलिसांनी आपल्या पत्त्यावरून चौकशी केलीच, तर राउटर तडकाफडकी रिसेट मारू नये. आतील नोंदी पुसल्या जातात, आणि त्याच नोंदी घरमालकाच्या बाजूने साक्ष देऊ शकतात.